दोन सिद्धाराम, एक इंजेक्शन : रुग्णसुरक्षेविषयीच्या एका प्रश्नाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या ४० खाटांच्या एका खासगी रुग्णालयाचे संचालक असलेले डॉक्टर लिहितात : "गेल्या महिन्यात रात्रपाळीत एका रुग्णाचे इंजेक्शन त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या रुग्णाला दिले गेले. दोघांचेही नाव सिद्धाराम. ज्याला चुकून दिले त्याला दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. सुदैवाने तो बरा होऊन घरी गेला. आम्ही संबंधित सिस्टरला कामावरून कमी केले आणि सर्वांना लेखी समज दिली. तरीही तीन आठवड्यांत तशीच दुसरी चूक होता होता टळली. आमच्याकडे मोठ्या रुग्णालयांसारखा पैसा नाही, संगणकप्रणाली नाही. नेमके काय करावे?"

डॉक्टर, मी ३४ वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि त्यातली शेवटची १२ वर्षे रुग्णालयांच्या गुणवत्ता व सुरक्षेच्या कामात, सोलापूर परिसरातच, काढली. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट स्पष्ट लिहिते. सिस्टर गेली, पण ज्या कारणांनी चूक झाली ती सगळी कारणे तुमच्या वॉर्डात जशीच्या तशी आहेत. सिद्धाराम हे तर आपल्या ग्रामदैवताचे नाव. सिद्धाराम, मल्लिनाथ, नागनाथ, अंबादास, लक्ष्मीबाई यांची एखाद्या वॉर्डात जोडी जमणे ही सोलापुरात रोजची गोष्ट आहे. इंजेक्शनचा ट्रे बहुधा अजूनही खाट क्रमांकानेच लावला जात असेल, रात्री अकरा वाजता एकाच सिस्टरकडे वीस रुग्ण असतील आणि औषधे काढता काढता तिलाच फोनही घ्यावा लागत असेल. आता यात भीतीची भर पडली आहे. दुसरी चूक टळल्याचे तुम्हाला कळले, ही खरे तर चांगली खूण आहे. पण एकीची नोकरी गेल्यावर तिसरी चूक टळली तर ती तुमच्यापर्यंत येईलच असे नाही.

कोणालाच कधी जबाबदार धरू नये, असे मी म्हणत नाही. नशेत कामावर येणारा, न केलेल्या तपासणीची नोंद लिहिणारा, वारंवार सांगूनही धोका पत्करणारा, यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. परंतु त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा : त्या रात्री तिच्या जागी तुमची सर्वांत अनुभवी, सर्वांत काळजीपूर्वक काम करणारी सिस्टर असती, तर तिच्या हातून ही चूक घडू शकली असती का? उत्तर 'हो' असेल तर दोष माणसात शोधून हाती काही लागत नाही. तो कामाच्या मांडणीत आहे.

हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवले नाही. मी ज्या रुग्णालयात वॉर्ड इन्चार्ज होते, तिथली एक रात्र सांगते. मधुमेहाच्या एका वयस्क बाईंसाठी डॉक्टरांनी १६ युनिट इन्सुलिन लिहिले होते. वॉर्डातली व्हायल संपली होती, म्हणून नातेवाइकांनी बाहेरच्या दुकानातून नवी आणली. ती १०० युनिट प्रति मिली शक्तीची होती. वॉर्डात सिरिंज होत्या त्या लाल टोपणाच्या, म्हणजे ४० युनिट प्रति मिलीसाठीच्या. सिस्टरने सिरिंजवरच्या १६ च्या रेघेपर्यंत औषध ओढले, दोनदा पाहिले आणि दिले. ती रेघ ४० च्या शक्तीसाठी आखलेली होती, तिथपर्यंत ०.४ मिली द्रव मावतो आणि नव्या व्हायलमधल्या ०.४ मिलीत ४० युनिट होते. बाईंना अडीचपट मात्रा गेली. पहाटे तीनला चादर बदलायला गेलेल्या मावशींच्या हाताला चादर ओलीचिंब लागली आणि त्यांनी सिस्टरला हाक मारली. साखर ३८ होती. ग्लुकोज चढवले, बाई शुद्धीवर आल्या.

सकाळी मी त्या सिस्टरला सर्वांसमोर बोलले. आजही त्या बोलण्याचा मला पश्चात्ताप होतो, कारण तिने शिकवल्याप्रमाणेच, अगदी तंतोतंत, काम केले होते. दोन शक्तींचे इन्सुलिन आणि दोन प्रकारच्या सिरिंज एकाच इमारतीत फिरू दिल्या होत्या त्या आम्ही, वरच्या लोकांनी. बाहेरून आलेले औषध कोणी तपासावे हे ठरवले नव्हते तेही आम्हीच. नंतर आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरांत सूचना लावली. महिनाभरात ती कोणाच्या नजरेलाही पडेना. सहा महिन्यांनी तीच अदलाबदल पुन्हा झाली, यावेळी देण्याआधी लक्षात आली. त्यानंतर जे केले ते टिकले : रुग्णालयात एकाच शक्तीच्या व्हायल आणि त्यांना जुळणाऱ्या सिरिंजच ठेवायच्या, आणि बाहेरून आलेले इन्सुलिन फार्मासिस्टने पाहून सही केल्याशिवाय वॉर्डात घ्यायचे नाही. त्यानंतर माझ्या तिथल्या नोकरीत ही चूक पुन्हा घडली नाही.

सूचना लावणे, समज देणे, प्रशिक्षण वर्ग घेणे हे सर्व उपाय लागतात. पण ते सर्वांत कमकुवत आहेत, कारण ते माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून असतात. त्यापेक्षा बळकट उपाय म्हणजे दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे तपासणे. सर्वांत बळकट उपाय तो, ज्यात चूक करताच येत नाही. तुमच्या शस्त्रक्रियागृहातले भूल देण्याचे यंत्र पाहा. ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या जागी नायट्रस ऑक्साइडचे सिलिंडर बसवायचे म्हटले तरी बसत नाही, कारण प्रत्येक वायूसाठी पिनांच्या जागा वेगळ्या ठेवलेल्या आहेत. तिथे कोणालाही समज द्यावी लागत नाही.

सोलापूरच्या माणसाला हे समजावणे सोपे जाते. यंत्रमागावर बाण्याचा (आडवा) धागा तुटला किंवा त्याची कांडी संपली की आतला एक लहानसा काटा ते ओळखतो आणि माग आपोआप थांबतो. एरवी हातभर कापड बिघडल्यावरच विणकराच्या ध्यानात आले असते. जपानमधील साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच थांबणारे माग बनवले. त्यांच्याच घराण्याने पुढे काढलेल्या मोटारीच्या कारखान्यात ही कल्पना माणसांपर्यंत आली आणि साखळीवरच्या कोणत्याही कामगाराला, दोष दिसताच, दोरी ओढून काम थांबवण्याची मुभा मिळाली. २००२ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने तीच रीत रुग्णसेवेत आणली : रुग्णाला धोका दिसला तर कोणीही, कोणत्याही हुद्द्याचा असो, काम थांबवून वरिष्ठांना बोलवायचे. म्हणजे मूळ कल्पना मागावरची आहे. चादरी विणणाऱ्या शहरातल्या रुग्णालयांनी ती अजून नीट उचललेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न फक्त तुमच्या रुग्णालयाचा नाही, हेही सांगायला हवे. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अंदाज मांडला की तिथल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावतात, आणि तेव्हापासून जगभर या विषयाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेताना सुमारे दर १० रुग्णांपैकी एकाला काही ना काही इजा होते आणि त्यातली जवळपास निम्मी टाळता येण्यासारखी असते. १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षा दिन २०१९ पासून पाळला जातो तो याचसाठी.

आता तुमच्या वॉर्डाकडे येते. सर्वांत आधी, कागद घेऊन बैठक भरवण्यापूर्वी, एका रात्री साडेदहा ते बारा तुम्ही स्वतः त्या वॉर्डात उभे राहा. राउंड घेऊ नका, काही विचारू नका, फक्त पाहा. इंजेक्शन भरताना सिस्टरला किती वेळा कोणी हाक मारली, ते मोजा. सिरिंजवर नाव लिहिले आहे की चिकटपट्टीवर नुसता '७' असा आकडा आहे, ते पाहा. सात नंबरचा रुग्ण पंख्याखालची जागा हवी म्हणून संध्याकाळी अकरा नंबरवर गेला आहे का, आणि ते केसपेपरवर कोणी लिहिले आहे का, तेही पाहा. औषधे काढायच्या टेबलावरचा दिवा पुरेसा आहे का? मी असे अनेक वॉर्ड पाहिले आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चूक होण्याचे कारण पहिल्या तासातच डोळ्यांना दिसले.

ओळख पटवण्याचे काम पहिल्या महिन्यात हाती घ्या, कारण तुमची घटना तिथलीच आहे. प्रत्येक दाखल रुग्णाच्या मनगटावर पट्टी हवी, तिच्यावर पूर्ण नाव, वय आणि नोंदणी क्रमांक हवा, आणि यातल्या निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय औषध, रक्त, तपासणीचा नमुना किंवा शस्त्रक्रिया यांपैकी काहीही पुढे जाऊ नये. खाट क्रमांक ही ओळख नव्हे. एकाच नावाचे दोन रुग्ण असतील तर दोघांच्याही केसपेपरवर आणि पट्टीवर ठळक रंगाची खूण लावावी, आणि जमेल तर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावे.

नाव विचारण्याची रीतही बदलावी लागेल. "तुम्ही सिद्धाराम ना?" असे विचारले की अर्धवट झोपेतला, ऐकू कमी येणारा किंवा मराठी नीट न समजणारा माणूस "हो" म्हणतो. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांत बोलली जाते. पूर्व भागातली विडी वळणारी आजी किंवा कर्नाटकातल्या इंडीकडून आलेला शेतकरी मान हलवतो ती अनेकदा आदराची असते, समजल्याची नसते. म्हणून प्रश्न असा हवा : "तुमचं पूर्ण नाव सांगा." नाव रुग्णाच्या तोंडून आले पाहिजे. त्यातही एक अडचण मला वारंवार आली आहे. वयस्क बाया नवऱ्याचे नाव घेणे टाळतात, त्यामुळे मधले नाव तपासायचे राहून जाते. तिथे आग्रह न धरता गावाचे नाव आणि वय विचारावे व पट्टीवरचा क्रमांक पाहावा. घरी हाक मारायचे नाव एक आणि आधार कार्डावरचे दुसरे, असेही पुष्कळदा असते. दाखल करतानाच दोन्ही विचारून घ्यावीत. चारही भाषांतले "तुमचं नाव काय, वय काय, कशाची अ‍ॅलर्जी आहे का" एवढे प्रश्न देवनागरीत लिहून कार्डे करून ठेवा. तुमच्याच कर्मचाऱ्यांत तेलुगू आणि कन्नड बोलणारे असतील, त्यांच्याकडून ती एका दुपारी तयार होतील.

औषधांच्या बाबतीत सगळे एकदम बदलायला जाऊ नका. ज्यांची चूक जीव घेते अशी मोजकी औषधे आधी धरा. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची अँप्यूल वॉर्डाच्या कपाटात, इतर पारदर्शक अँप्यूलांच्या शेजारी, असेल तर ती आजच हलवा. ते औषध पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय थांबते आणि मागे फिरायला वेळ राहत नाही. ते अतिदक्षता विभागात आणि औषधभांडारात, कुलपात, वेगळ्या रंगाच्या डब्यात ठेवा. वॉर्डाला हवे तेव्हा तिथून पातळ करून द्या. इन्सुलिन, रक्त गोठू न देणारे हेपॅरिन, अफूवर्गीय वेदनाशामके, बेशुद्धीची औषधे यांच्यासाठी दोघांनी स्वतंत्रपणे तपासण्याचा नियम ठेवा. स्वतंत्रपणे याचा अर्थ असा की दुसरीने पहिलीचा हिशेब ऐकून मान डोलवायची नाही. तिने आदेश वाचून मात्रा स्वतः काढायची आणि मग दोन्ही आकडे जुळवायचे. इन्सुलिनच्या मात्रेपुढे इंग्रजी 'यू' एवढेच अक्षर लिहिणे आजपासून बंद करा, कारण घाईच्या अक्षरात ते शून्यासारखे दिसते आणि १६ चे १६० वाचले जातात. 'युनिट' हा पूर्ण शब्द लिहावा.

फोनवरून दिलेले आदेश हा वेगळा धोका आहे. इंग्रजीतले फिफ्टीन आणि फिफ्टी, मराठीतले एकोणसाठ आणि एकोणसत्तर, रात्रीच्या फोनवर सारखेच ऐकू येतात. ऐकणारीने लिहून घ्यावे, लिहिलेले परत वाचून दाखवावे, आकडा सुटा करून म्हणावा, "एक-पाच, पंधरा," आणि डॉक्टरांनी "बरोबर" म्हटल्यावरच औषध काढावे. यात अर्धा मिनिट जातो. सुरुवातीला तुमचे वरिष्ठ सल्लागार डॉक्टर या परतवाचनाला कंटाळतील. त्यांना तुम्हीच समजावले पाहिजे, सिस्टर समजावू शकणार नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्याविषयीही लिहायला हवे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, दुपारी वीज जाते आणि औषधांचा फ्रिज दोन-तीन तास बंद राहतो. ऑक्सिटोसिन, इन्सुलिन आणि भूलतज्ज्ञांचे सक्सिनिलकोलीन ही २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची औषधे आहेत. उष्णतेने ऑक्सिटोसिनची शक्ती कमी झाली तर बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात येत नाही, आणि दोष मात्र प्रसूती करणाऱ्यावर येतो. फ्रिजमध्ये तापमापक ठेवा, सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा, फ्रिज इन्व्हर्टरवर घ्या आणि त्यात जेवणाचे डबे ठेवणे पूर्ण बंद करा.

हात स्वच्छ करण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते सर्वांना माहीत आहे. हात धुतल्याने जीव वाचतात, ही १८४७ मध्ये व्हिएन्नात डॉक्टर सेमेलवाइस यांनी दाखवून दिलेली गोष्ट आजही आपण रोज विसरतो. इथेही उपाय मांडणीचा आहे : हातांवर चोळायचे अल्कोहोलचे द्रावण वॉर्डाच्या दारात एक बाटली ठेवून वापरले जात नाही, प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी असेल तर वापरले जाते. त्याला २० ते ३० सेकंद लागतात.

शस्त्रक्रियेआधीची तपासणी यादी तुमच्याकडे असेलच. जागतिक आरोग्य संघटनेने ती २००८ मध्ये आणली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत तिचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आले. मात्र २०१४ मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास झाला, तेव्हा यादी सक्तीची केल्याने मृत्यूत म्हणण्यासारखी घट दिसली नाही. मला या दोन निष्कर्षांत विरोध वाटत नाही. यादी भरणे आणि यादीप्रमाणे थांबणे यांत फरक आहे. शस्त्रक्रिया आटोपल्यावर मावशींकडून मागवून एका दमात खुणा केलेल्या याद्या मी असंख्य पाहिल्या आहेत. चीर देण्याआधी शल्यचिकित्सकाने हात थांबवून रुग्णाचे नाव, कोणती बाजू, कोणती शस्त्रक्रिया हे मोठ्याने म्हणावे आणि खोलीतल्या प्रत्येकाने ऐकावे, एवढे खरेच होत आहे का, ते महिन्यातून चार वेळा कोणीतरी उभे राहून पाहिले पाहिजे.

यापेक्षा जास्त जीव, माझ्या मते, दुसऱ्याच ठिकाणी जातात. रुग्ण हळूहळू बिघडत असतो आणि ते वेळेवर कोणाच्या ध्यानात येत नाही. तुमच्या वॉर्डातले दहा टीपीआर तक्ते (ताप, नाडी आणि श्वास नोंदवायचे) काढून श्वसनाचा रकाना पाहा. बहुतेकांपुढे १८ किंवा २० लिहिलेले आढळेल. दम्याचा रुग्ण १८, न्यूमोनियाचा १८, हर्नियाची शस्त्रक्रिया झालेला १८. कोणी मोजलेले नसते. नाडी आणि रक्तदाब यंत्र सांगते, श्वास मोजायला मात्र छातीकडे पूर्ण एक मिनिट पाहत उभे राहावे लागते. पण अनेकदा रुग्ण बिघडत असल्याची पहिली खूण श्वासाची गती हीच असते, रक्तदाब उतरण्याच्या कित्येक तास आधी. गती २५ झाली आणि ती कोणी खरीखुरी लिहिली, तर तुमच्या हातात संध्याकाळ असते. रक्तदाब उतरल्यावर कळले तर धावपळ उरते. तक्त्यावर हद्दी छापून घ्या : श्वास इतका, नाडी इतकी, ऑक्सिजन इतका, शुद्धीत बदल, यांपैकी एक जरी ओलांडले तर आरएमओला, म्हणजे निवासी डॉक्टरला, बोलवायचे, आणि तो १५ मिनिटांत आला नाही तर थेट सल्लागारांना फोन करायचा.

थेट फोन करायचा, हे म्हणणे सोपे आहे. रात्री दोन वाजता मोठ्या डॉक्टरांना उठवायला बावीस वर्षांची सिस्टर घाबरते. ती आधी आरएमओची वाट पाहते, मग दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टरला विचारते, मग आणखी एकदा रक्तदाब घेते. त्या घाबरण्यात जो तास जातो त्याचा कुठल्याच कागदावर उल्लेख नसतो. तुम्ही तुमच्या सहीने लिहून द्या की हद्द ओलांडल्यामुळे केलेल्या फोनबद्दल कोणालाही बोलले जाणार नाही, फोनचे कारण नंतर किरकोळ निघाले तरीही. आणि पहिल्यांदा असा फोन तुम्हाला येईल व कारण खरोखर किरकोळ निघेल, तेव्हा सकाळी सर्वांसमोर त्या सिस्टरचे आभार माना. तुमचा पुढचा सगळा कारभार त्या सकाळवर ठरेल.

पाळी बदलताना ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती, देण्याची जागा टेबल नसून रुग्णाची खाट असावी. जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोघी सिस्टर प्रत्येक खाटेपाशी जातील, रुग्ण कोण, काय झाले आहे, आज काय बदलले, पुढच्या पाळीत काय राहिले आहे, कशाची भीती आहे, हे सांगतील, सलाईन आणि नळ्या दोघी हात लावून पाहतील. रुग्ण आणि जवळचा नातेवाईक ऐकत असेल तर फारच उत्तम. "कालपासून लघवी झालेली नाही" हे केसपेपरवर नसलेले वाक्य मी अशाच वेळी ऐकले आहे. आपल्याकडे रात्री खाटेशेजारी चादर अंथरून झोपणारा नातेवाईक हा सर्वांत जवळचा पहारेकरी असतो. कशाकडे लक्ष ठेवायचे आणि कोणाला हाक मारायची, हे त्याला दाखल होतानाच दोन मिनिटे बसवून सांगा.

रक्त चढवताना बहुतेक चुका रक्तपेढीत होत नाहीत, नमुना घेताना आणि पिशवी लावताना होतात. नळीवर नाव खाटेपाशीच लिहावे, पिशवी दोघांनी पट्टीशी जुळवावी आणि पहिली १५ मिनिटे कोणीतरी तिथे थांबावे.

आता नोंदवहीचा विषय. एक साधी वही ठेवा, तिच्यात झालेली चूक आणि होता होता टळलेली चूक, दोन्ही लिहायच्या. लिहिणाऱ्याने नाव लिहिले नाही तरी चालेल. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा तास तुम्ही, इन्चार्ज सिस्टर, फार्मासिस्ट आणि एक मावशी किंवा मामा असे बसा आणि एकच नोंद घ्या. 'कोणी केले' हा प्रश्न त्या अर्ध्या तासात विचारायचा नाही. 'कशामुळे शक्य झाले' एवढेच विचारायचे. त्यातून निघालेला एक बदल पुढच्या आठवड्यात झालेला दिसला पाहिजे, नाहीतर लोक लिहिणे सोडतात. औषधाच्या दुष्परिणामाच्या नोंदी वेगळ्या. त्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे पाठवाव्यात, त्यांचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.

नोंदवही पुढे न्यायालयात आपल्याविरुद्ध वापरली जाईल, अशी भीती डॉक्टर मला नेहमी सांगतात. भीती समजण्यासारखी आहे. परंतु फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केले आहे. माझा अनुभव असा की संताप चुकीपेक्षा लपवाछपवीने जास्त पेटतो. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही : त्या सिद्धारामला आणि त्याच्या घरच्यांना काय झाले ते सांगितले का? सांगितले नसेल तर बोलवा, तुम्ही स्वतः बसा, काय झाले, काय उपचार केले आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलत आहोत, ते साध्या भाषेत सांगा आणि माफी मागा. अतिदक्षता विभागाचे बिल त्यांच्याकडून घेतले असेल तर परत करा.

पैशाबद्दल. वर लिहिलेल्यातले बहुतेक जवळजवळ फुकट आहे. पट्ट्या, रंगीत डबे, तापमापक, छापील तक्ते एवढाच खर्च. पण एक खर्च टाळता येणार नाही, आणि तो मनुष्यबळाचा आहे. वीस रुग्णांमागे रात्री एक सिस्टर, तीही बारा तासांची पाळी करणारी, असेल तर कोणतीही यादी आणि कोणतीही पट्टी तिला वाचवू शकत नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत किंवा आषाढीच्या आसपास गर्दी वाढते, जादा खाटा लागतात, तेव्हा तर ती पूर्ण एकटी पडते. नवे उपकरण घेण्याआधी रात्रीसाठी एक सिस्टर वाढवा. दुसरा टाळता न येणारा खर्च विजेच्या आणि अग्निसुरक्षेच्या तपासणीचा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशु कक्षाला आग लागून १० बाळे गेली. त्यानंतर तपासणी पुढे ढकलण्याचे कोणतेही कारण मला पटत नाही.

एनएबीएच या रुग्णालयांना गुणवत्तेचे मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या प्राथमिक पातळीच्या मानांकनाची तयारी करावी का, असेही तुम्ही पुढे विचाराल. करा, त्याने शिस्त येते. फक्त फायली बाहेरच्या सल्लागाराकडून तयार करून घेऊ नका; त्या तुमच्या सिस्टरांनी लिहिल्या तरच त्यांच्या हातात राहतात.

पहिल्या तीन-चार महिन्यांत वहीतल्या नोंदी वाढत जातील आणि आपल्याकडे चुका वाढल्या असे तुम्हाला वाटेल. तसे नसते, पूर्वी न दिसणाऱ्या चुका दिसू लागलेल्या असतात. काळजी तेव्हा करा, जेव्हा पूर्ण महिन्यात एकही नोंद येणार नाही.

आणि ज्या सिस्टरला तुम्ही कमी केले तिला फोन करा. शक्य असेल तर तिला कामावर परत घ्या. ती यायला तयार नसेल तर निदान तासभर भेटा आणि त्या रात्री अकरा ते साडेअकरा काय काय घडले ते तिच्याकडून, मध्ये न बोलता, ऐका. कोणाचा फोन आला होता, कोणाची सलाईन संपली होती, ट्रे कुठे ठेवला होता, हे तिच्याइतके कोणालाच माहीत नाही. वहीतली पहिली नोंद तीच असू द्या.